चौकटीत न मावलेला ‘नये’

तांबेताईंकडे पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी पाणी विचारायच्या आधी मला विचारलं, "तुझ्या पेनड्राइव्हमध्ये एकाच नावाच्या दोन फायली नायत ना गो?"

मी म्हटलं, "बघावं लागेल." हे उत्तर त्यांना अजिबात आवडलं नाही. माझा पेनड्राइव्ह त्यांनी विंचवाची नांगी धरावी तसा चिमटीत धरला आणि मला उंबऱ्याबाहेरच उभं ठेवून आत जाऊन तपासून आल्या. मग म्हणाल्या, "ये आता. चहा घेशील?"

मी एका छोट्या प्रकाशन संस्थेत संपादनाचं काम करते. पुस्तकांची पानं लावून द्यायला कोणीतरी हवं होतं, आणि कोपरखैरण्यात माझ्या घरामागच्याच गल्लीत, एका रो-हाउसच्या तळमजल्यावर एक बाई हे काम फार नेटकं करतात असं कळलं. विजया तांबे. मूळच्या मंडणगडकडच्या, पन्नाशीच्या, अंगाने किरकोळ. बोलताना नजर सारखी दाराकडे, नाहीतर फोनकडे. तेव्हापासून आमची सगळी पुस्तकं त्यांच्याकडे गेली. एवढ्या वर्षांत त्यांना निर्धास्त बसलेलं मी एकदाही पाहिलं नाही.

पुस्तकासाठी त्यांना दोन सॉफ्टवेअर लागायची. एक रेषांचं. नकाशे, आकृत्या, मुखपृष्ठावरची अक्षरं त्यात काढायची. कितीही मोठी केली तरी रेष फाटत नाही. दुसरं पानांचं. त्यात मजकूर ओतायचा, समास सोडायचे आणि पहिल्यात काढलेली चित्रं आणून बसवायची. ताईंनी दोघांना दोन वेगळे कम्प्युटर दिले होते, एक खिडकीजवळ, एक आतल्या भिंतीशी. खिडकीजवळच्याला त्या माहेर म्हणायच्या आणि भिंतीजवळच्याला सासर.

"चित्र माहेरी वाढतं आणि सासरी नांदतं," त्या मला समजावत. "पन सासरी दिसते ती नुसती सावली हां. खरी मुलगी माहेरीच असते. माहेरचा पत्ता बदललास की सासरी चौकट रिकामी." म्हणजे चित्राची मूळ फाईल जरा इकडची तिकडे हलवली की पुस्तकातलं चित्र गायब होतं. मला हे एकदा सांगितलं असतं तरी पुरलं असतं. ताई दर पुस्तकाला सांगायच्या.

सेव्ह करायचा त्यांना नादच होता. डावा हात कायम कंट्रोल आणि एस या दोन बटणांवर. चहा पितानासुद्धा बोटं टेबलावर तशीच आपटायची. कुठल्याही फाइलला ‘फायनल’ नाव द्यायचं नाही, हा घरचा कायदा होता. "फायनल म्हटलं की खोड्या सुरू होतात," त्या म्हणायच्या. त्यामुळे आमची छापून, विकून, आवृत्ती संपलेली पुस्तकंसुद्धा त्यांच्या कम्प्युटरवर ‘अजून बघायचंय’ याच नावाने होती.

सगळ्यात जास्त त्या भ्यायच्या ‘कर्व्ह’ला. छापखान्यात फाईल पाठवण्याआधी अक्षरं कर्व्ह करतात, म्हणजे टाइप केलेल्या अक्षराची नुसती रेषांची आकृती करून टाकतात. मग छापखान्याच्या कम्प्युटरवर तो फॉन्ट असो नसो, जोडाक्षरं मोडत नाहीत. पण त्यानंतर तिथे टाइप करून दुरुस्तीही करता येत नाही. बाकीचे डीटीपीवाले हे गप्पा मारता मारता करतात. ताई आधी उठून हात धुवून यायच्या. "कर्व्ह केलं की अक्षर मेलं," त्या म्हणायच्या. "मेलेल्याला शुद्धलेखन शिकवता येत नाय."

मी त्यांना भित्री भागूबाई म्हणायचे. त्या रागवायच्या नाहीत. "तू पन भी जरा," एवढंच म्हणायच्या.

त्यांचे मिस्टर, तांबेभाऊ, नेमके उलटे. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. ते पावणे इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात ऑपरेटर होते. घरातून निघून गेटवर पोचले की एक मिस्ड कॉल, शिफ्ट सुटली की दुसरा. हा दुसरा यायला उशीर झाला की ताई गच्चीवर जाऊन ठाणे-बेलापूर रस्त्यापलीकडे कुठे धूर दिसतो का बघायच्या. "हिला झोपेत पन ॲम्ब्युलन्स दिसते," भाऊ मला सांगायचे. "भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हंतात, पन हिने तर त्याला घरात पाट मांडलाय."

ही भीती आली कुठून, ते मला भाऊंनीच एकदा सांगितलं. लग्नानंतर ताई एका फ्लेक्सच्या दुकानात कामाला होत्या. वाढदिवस, नेमणुका, श्रद्धांजल्या, चौकाचौकात लागणारं सगळं तिथे व्हायचं. एका माणसाच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स आला. घरच्यांनी दोन फोटो पाठवले, एक वारलेल्याचा आणि एक त्याच्या धाकट्या भावाचा, तो ‘शोकाकुल’मध्ये खाली छोटा टाकायचा होता. दोन्ही फायलींचं नाव ‘फोटो’. एकीवर दुसरी बसली. सकाळी नाक्यावर फ्लेक्स लागला तो धाकट्याच्या हसऱ्या चेहऱ्याचा, वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. धाकटा भला माणूस. तो फ्लेक्ससमोर उभा राहून स्वतःकडे बघून हसला, दुकानात येऊन ताईंना म्हणाला, "असू दे वहिनी, आयुष्य वाढतं म्हणतात."

दिवाळीच्या आत तो गेला. काविळीने.

ताई याबद्दल कधी चकार शब्द बोलल्या नाहीत. त्या शिकलेल्या होत्या, विहारात जायच्या, शकुन-अपशकुन मानणाऱ्यांना फैलावर घ्यायच्या. कावीळ फ्लेक्समुळे होत नाही हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं. पण हे ऐकल्यावर मी घरी गेले आणि गुपचूप माझ्या सगळ्या फायलींची नावं बदलली.

तुर्भ्याच्या छापखान्यातला किस्सा त्या मानाने सुखाचा. आमच्या एका पुस्तकाचा पहिला फर्मा, म्हणजे पहिली सोळा पानं, मशीनवर चढणार होता, आणि ताई स्टूल घेऊन मशीनशेजारी बसल्या. प्रत्येक ताव उचलून बघायच्या, खाली ठेवायच्या, पुन्हा उचलायच्या. शेवटी मशीनमन हात जोडून म्हणाला, "मॅडम, तुमी घरी जावा. तुमाला बघून मशीन पन घाबरलीय." ताई हलल्या नाहीत. त्या फर्म्यात एकही चूक निघाली नाही. येताना रिक्षात म्हणाल्या, "चूक नाय मिळाली म्हनजे ती नव्हती असं नाय गो." मी हसले. आता तेवढं हसू येत नाही.

ती पुस्तिका आली त्या वर्षी उन्हाळा कडक होता. पावण्यातल्या काही कारखानदारांनी मिळून कामगारांसाठी आगीबद्दलची पुस्तिका काढायचं ठरवलं. मजकूर त्यांच्या सुरक्षा अधिकाऱ्याने लिहिला होता, देशमुखसाहेबांनी. पानोपानी चित्रं होती आणि प्रत्येक चित्राखाली चौकटीत एक ठळक सूचना. चित्र आणि चौकट रेषांच्या सॉफ्टवेअरमध्ये, बाकीचा मजकूर पानांच्या. ताईंनी जीव ओतून काम केलं. भाऊंच्या कारखान्यातही ती वाटली जाणार होती.

एका पानाचा मथळा होता, ‘पाण्याने पेट घेणारी रसायने’. काही भुकट्या अशा असतात की आग लागल्यावर त्यांच्यावर पाणी टाकलं की त्या विझायच्या ऐवजी भडकतात, स्फोट होतो. भाऊंच्या विभागात अशीच भुकटी होती. त्या पानावरच्या चौकटीत वाक्य होतं, ‘पाण्याचा वापर करू नये.’

सगळं तयार झाल्यावर देशमुखसाहेबांचा फोन आला, अक्षरं मोठी करा, वयस्कर कामगारांना दिसत नाहीत. संध्याकाळची वेळ. ताई एकेक चौकट उघडून अक्षरं मोठी करत होत्या आणि तेवढ्यात रस्त्यापलीकडून भोंगा सुरू झाला. कुठल्या कारखान्याचा ते घरातून कळत नाही. भाऊंची शिफ्ट सुटून गेली होती आणि मिस्ड कॉल आलेला नव्हता. ताई एका हाताने भाऊंना फोन लावत होत्या, दुसऱ्या हाताने काम करत होत्या. छापखाना फाइलसाठी थांबला होता. त्या दिवशी त्यांनी हात न धुता कर्व्ह केलं.

भाऊ ठणठणीत होते, फोनची बॅटरी संपली होती. भोंगा नुसत्या सरावाचा होता. पण त्या चौकटीत अक्षरं मोठी झाल्यावर शेवटचा शब्द मावला नव्हता. मराठीत नकार शेवटी येतो. जागा कमी पडली की पहिला तोच बाहेर पडतो. चौकटीत उरलं, ‘पाण्याचा वापर करू’.

एवढंच छापलं गेलं असतं तर अर्धवट वाक्य म्हणून कोणीतरी थबकलं असतं. पण छापखान्यातला नमुना बघून देशमुखसाहेबांचा पुन्हा फोन आला. घाईत होते. "मॅडम, चौदा पानावर ‘करू’ काय? ‘करा’ पाहिजे ना! ग्रामर बघत चला जरा." शुद्धलेखनावरून कोणी बोललं की ताई शरमेने अर्ध्या व्हायच्या. त्यांनी ते पान उघडलं. अक्षर कर्व्ह झालेलं, टाइप करता येईना. मग त्यांनी रेषांच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या ‘रू’चा ऊकार पुसला आणि स्वतःच्या हाताने शेजारी काना ओढला. सुबक, बाकीच्या अक्षरांना शोभेल असा. ‘पाण्याचा वापर करा’. त्या रेषेकडे बघत होत्या, वाक्याकडे नाही.

पुस्तिका छापली, वाटली गेली. आठवड्याभराने भाऊ एक प्रत घरी घेऊन आले आणि जेवताना चाळत म्हणाले, "हे कुठल्या कंपनीसाठी लिहिलंय गो? आमच्याकडे असं केलं तर छप्पर उडेल." ताईंनी पान बघितलं. भाऊ सांगतात, त्या ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. ताटावरून उठून त्या माहेरच्या कम्प्युटरपाशी जाऊन उभ्या राहिल्या, आणि तो चालू करायची त्यांची हिंमत होईना.

मला फोन आला तो एवढाच. "ये तू. आत्ता ये."

मी गेले तेव्हा त्या देशमुखसाहेबांशी बोलत होत्या. साहेब हादरलेले आवाजातच कळत होतं. "टेन्शन घेऊ नका मॅडम, आपण शुद्धिपत्रक काढू. एक चिठ्ठी छापू आणि आत चिकटवू."

"शुद्धिपत्रक कोन वाचतं साहेब?" ताई म्हणाल्या. "जळल्यावर?"

आम्ही रिक्षा केली आणि पावण्यात गेलो. देशमुखसाहेबांनी सगळ्या गेटांवर फोन करून ठेवले होते. मी तो रस्ता रोज ओलांडते, पण आत गेले नव्हते. टँकर, पत्र्याच्या शेड, घशाला झोंबणारा वास. प्रत्येक टाकी मला त्या दिवशी पेटायच्या बेतात दिसत होती. अनोळखी माणसाला पत्ता विचारायला लाजणाऱ्या ताई एकेका गेटवर वॉचमनसमोर उभ्या राहून सांगत होत्या, "त्या पुस्तकात चूक हाय. मी केलेली. सगळी पुस्तकं परत द्या." प्रत्येक ठिकाणी ‘मी केलेली’ म्हटल्याशिवाय त्या पुढे गेल्या नाहीत.

बहुतेक गठ्ठे न उघडताच पडलेले मिळाले. लोक वाचत नाहीत याचा मला आयुष्यात पहिल्यांदा आनंद झाला, तोही पुस्तकांच्या धंद्यात असून. दोन-तीन दिवसांत जवळजवळ सगळ्या प्रती आल्या. भाऊंच्या विभागातली एक तेवढी राहिली. बालाजी नावाचा परभणीकडचा एक माणूस कंत्राटावर नवीन लागला होता. तो पुस्तिका घेऊन गावी गेला होता, बहिणीच्या लग्नाला. त्याचा फोन लागत नव्हता. "आला की पहिलं पुस्तक काढून घेतो," भाऊ म्हणाले.

ते दिवस मी विसरणार नाही. ताई काम करत नव्हत्या. खुर्चीत बसून राहायच्या. मधेच विचारायच्या, "परभनीची गाडी कधी येते गो?" मी म्हणायचे, कळेल. मलाही झोप लागत नव्हती. एका माणसाच्या पिशवीत आपल्या भाषेतला एक शब्द कमी आहे, आणि तो माणूस गाडीत बसून आपल्याकडे येतोय.

बालाजी सांगितल्यापेक्षा एक दिवस आधी आला आणि थेट पहिल्या शिफ्टला उभा राहिला. भाऊ दुसऱ्या टोकाला होते. सकाळीच एका पिंपाच्या तोंडाशी धूर दिसला. जुने कामगार वाळूकडे धावले. बालाजी नळाकडे धावला. भाऊंनी वळून बघितलं तेव्हा त्याच्या हातात भरलेली बादली होती.

"नको!" भाऊ ओरडले. बाकी काही बोलायला वेळच नव्हता. धावत जाऊन त्यांनी बादलीला लाथ घातली. पाणी बाजूला सांडलं, पण थोडं उडालंच. जाळ वर आला तो भाऊंच्या उजव्या हातावर आणि मानेवर. वाळूने बाकीचं विझलं. पिंप फुटलं नाही.

ताईंबरोबर मी हॉस्पिटलमध्ये गेले. भाऊंना आत नेलं होतं. बाहेर बालाजी भिंतीला टेकून उभा होता, तिशीचा, काळजीने काळवंडलेला. हात जोडून ताईंकडे आला. ताई कोण हे त्याला माहीत होतं, ऑपरेटरसाहेबांच्या मिसेस. बाकी काही माहीत नव्हतं.

"माय, म्या मुद्दाम नाही केलं हो," तो म्हणाला. "पुस्तकात लिव्हलंय तसंच केलं. गावाकडं समदं पाठ केलं होतं म्या. इथली नोकरी टिकावी म्हनून."

सगळ्या वसाहतीत ती पुस्तिका मन लावून वाचली ती या एकट्याने.

मी ताईंचा दंड धरला. त्या पडतील असं मला वाटलं. त्या पडल्या नाहीत. "बालाजी," त्या म्हणाल्या, "ते पुस्तक मी केलंय."

त्याने त्यांच्याकडे नीट बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर राग येईल म्हणून मी वाट बघत होते. राग आला असता तर बरं झालं असतं.

"तुम्ही केलंय?" तो म्हणाला. "मंग बरोबरच आसंल की माय. माझंच काहीतरी चुकलं आसंल."

ताई तिथेच फरशीवर बसल्या आणि पदर तोंडात कोंबून रडल्या. मीही रडले. बालाजी गोंधळून पाणी आणायला धावला.

भाऊ वाचले. हात आखडला, मानेवर चट्टा राहिला, हसणं पूर्वीसारखं मोठं परत आलं. ताईंनी मात्र आमची हातातली पुस्तकं परत केली. पुढच्या महिन्यात दोघं गावी मंडणगडला राहायला गेली. जाण्याआधी त्यांनी एकच काम केलं, ते पान.

या वेळी त्यांनी टाइप काही केलंच नाही. रेषांच्या सॉफ्टवेअरमध्ये एकेक वळण ओढत ‘नको’ हा शब्द चित्रासारखा काढला, पान भरून, आणि खाली फुली मारलेली बादली. "टाइप केलेलं सांडतं," मला म्हणाल्या. "काढलेलं सांडत नाय." देशमुखसाहेब आता नरमलेले होते, तरी चाचरत म्हणाले, "मॅडम, ‘नको’ जरा बोलीभाषेतलं वाटतं. नियमात ‘नये’ असतं." ताई म्हणाल्या, "साहेब, आमचे हे ‘नये’ नाय ओरडले." त्याचा पत्र्यावर मोठा फलक करून भाऊंच्या विभागाच्या भिंतीवर लावायचं ठरलं.

फलक लागला त्या दिवशी मी ताईंना शेवटचं बघितलं. दुपारची वेळ होती, शेडमध्ये यंत्रं बंद होती. कामगार जेवायला गेले होते. ताईंनी बालाजीला बोलावून घेतलं होतं.

"वाच," त्या म्हणाल्या.

"नको," बालाजीने वाचलं.

"पुढं?"

"पुढं काही न्हाई माय. येवढंच हाय."

"नीट बघ. शेवटपर्यंत बघ."

बालाजी वाकला, फलकाच्या खालच्या कडेपर्यंत बघून आला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "ताई, एवढंच आहे. पूर्ण आहे."

"हो ना?" त्या म्हणाल्या. मग पुढे झाल्या आणि फलकाच्या खाली, भिंतीचा जो कोरा भाग होता, त्यावरून हळूहळू हात फिरवायला लागल्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत, काही सांडलं आहे का बघत.